निरंक

जानेवारीत साताऱ्याला मावसबहिणीकडे हळदीकुंकू होतं. निघू निघू म्हणता साडेसात वाजले. गाडी मुलगा चालवत होता, मी शेजारी, मांडीवर वाणाचा डबा आणि बहिणीने बळेबळे हातात कोंबलेली कंदी पेढ्यांची पिशवी. खंबाटकीचा बोगदा, पुढचं ते बदनाम वळण, शिरवळ, सगळं विनासायास मागे पडलं. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडला आणि थोड्या वेळाने पुढे एक ट्रेलर दिसला. निळी ताडपत्री, तिचा एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत होता. आधी माझं लक्ष त्या फडफडीकडेच गेलं. मग जाणवलं की ट्रेलर हळूहळू दुभाजकाकडे सरकतोय. अगदी सावकाश, झोपेत कूस बदलावी तसा. दुभाजक हातभर राहिला तेव्हा एकदम हिसका बसला आणि सगळं धूड डावीकडे आलं. डाव्या कडेने मोटारसायकलवर एक जोडपं चाललं होतं, मधे शाल गुंडाळलेलं लेकरू. त्या माणसाने गाडी सरळ कडेच्या मातीत घातली. पडले नाहीत. आमच्या दिव्यांच्या उजेडात त्या बाईचा चेहरा क्षणभर दिसला, तोंड उघडं, आवाज नाही. मुलाने हॉर्नवर हात दाबून धरला. ट्रेलर पुन्हा दुभाजकाकडे सरकायला लागला होता.

मी ११२ हा मदतीचा नंबर लावला. आयुष्यात पहिल्यांदा. पलीकडे तरुण मुलीचा आवाज, शांत. "ताई, काय झालंय सांगा." मी सांगितलं. गाडीचा नंबर विचारला. पाटी चिखलाने माखलेली होती. पासिंग परराज्यातलं एवढं कळत होतं, पुढच्या चार आकड्यांतला एक सात आहे की एक, ते दोघांनाही ठरवता येईना. कुठल्या दिशेने? पुण्याच्या. जवळची खूण? मी खिडकीतून बघत होते. हॉटेलांच्या पाट्या पळत होत्या, सगळ्यांवर तेच शुद्ध शाकाहारी. "किलोमीटरचा दगड दिसतोय का ताई, त्यावरचा आकडा सांगा." ह्या रस्त्याने मी तीस वर्षं जातेय. माहेरचा रस्ता आहे. कुठल्या वळणावर पहिली गार झुळूक लागते ते मी डोळे मिटून सांगेन, पण दगडावरचा आकडा मी एकदाही वाचला नव्हता. दगड शोधेपर्यंत कात्रजचा नवा बोगदा आला आणि फोन तुटला.

बोगद्यातला तो पिवळा उजेड, काचा बंद असूनही आत शिरणारा धुराचा दर्प, आणि पुढे त्या ट्रेलरचे मागचे दोन लाल दिवे. बाहेर पडलो की समोर खाली पुणं दिसतं, दिव्यांनी भरलेली परातच जणू. एरवी मी दर वेळी मुलाला म्हणते, बघ किती छान दिसतंय. त्या रात्री म्हटलं नाही. उतार लागला होता आणि ब्रेकचं लायनर तापल्याचा वास यायला लागला होता. जळक्या रबराचा नव्हे, त्याहून कडवट, जिभेच्या मुळाशी बसणारा. हा वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे. मुलगा म्हणाला, "आई, न्यूट्रल केलंय बहुतेक त्यानं." तेवढ्यात फोन वाजला. ११२ च्या केंद्रातूनच होता. त्याच मुलीने सांगितलं, "मागे राहा, ओव्हरटेक करू नका, पुढे कळवलंय." आम्ही मागे राहिलो. मधे दोन बसगाड्या घुसल्या आणि ट्रेलर दिसेनासा झाला. दरी पूल गेला. स्वामीनारायण मंदिराच्या आसपास पोलिसांची गाडी उभी होती, वरचा दिवा फिरत होता, चमकते जाकीट घातलेले दोघे रस्त्याकडे बघत होते. माझ्या फोनमुळे उभे होते की रोजच उभे असतात, कुणास ठाऊक. ट्रेलर तिथे नव्हता. नवले पुलाशी नेहमीची गर्दी होती, ट्रॅव्हल्सची वाट बघत बॅगांवर बसलेली माणसं, वडापावच्या गाडीवरचा धूर.

काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मुलगा सहज म्हणाला, "आई, काल काही झालंच नाही बघ. बातम्यांत पण काही नाही. किती माणसं कामाला लावलीस." त्यात टोमणा नव्हता. पण वाक्य टोचलं आणि टोचतच राहिलं. सव्वीस वर्षं मी सरकारी कचेरीत लेखा विभागात आहे. खर्च म्हटलं की माझं डोकं आपोआप पुढचे प्रश्न विचारतं: कोणत्या लेखाशीर्षाखाली, तरतूद होती का, आणि त्यातून निष्पन्न काय? बंधारा बांधला तर बंधारा दाखवता येतो. खडी टाकली तर खडी मोजता येते, अर्धी गायब असली तर तेही कळतं. माझ्या फोनचं निष्पन्न काय? आमच्याकडे माहिती नसलेल्या रकान्यात 'निरंक' लिहितात. रकाना मोकळा सोडलेला चालत नाही, कारण मोकळा रकाना म्हणजे विसरला असाल. निरंक म्हणजे बघितलं, शोधलं आणि काही नाही. माझ्या फोनपुढे निरंकच लिहावं लागलं असतं.

मग मी त्या एका फोनचा हिशेब मांडायला बसले. नवी मुंबईत महापेला केंद्र आहे, दुसरं नागपूरला. राज्यात कुठूनही ११२ फिरवला की फोन तिकडे जातो, तिथून माहिती त्या जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाकडे, आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीतल्या पडद्यावर. म्हणजे मी मांडीवर पेढे घेऊन बोलत होते तेव्हा निदान तीन ठिकाणी तीन माणसं आपलं हातातलं काम ठेवून एका निळ्या ताडपत्रीच्या मागे लागली होती. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त हवालदार राहतात, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, पैशाचं सोडा. एक गाडी एका कॉलवर गेली की तेवढा वेळ ती दुसऱ्या कॉलला नसते. खरा खर्च तो." पूर्वी नियंत्रण कक्षात बसायचे तेव्हाचं सांगत होते. शाळकरी पोरं नंबर फिरवून हसायची. कुणी दारू पिऊन रात्रभर बोलत बसायचा. बांधावरून भांडण झालेला भाऊ भावाचा ट्रॅक्टर वेडावाकडा चाललाय म्हणून कळवायचा. "प्रत्येकाचं ऐकावं लागतं. खोटं आहे हे शेवटीच कळतं ना."

हे ऐकून मी गप्प झाले. त्या पंधरा मिनिटांत त्याच टापूत एखादी बाई दाराला आतून कडी लावून फोनवर कुजबुजत असेल तर? ११२ ही यंत्रणा उभी राहिली ती निर्भया निधीतून, हे मी विसरले नव्हते. आमच्याकडे निधीचं नाव पाठ असतं. देशभरासाठी ३२१ कोटी ६९ लाख रुपये. आकडा डोळ्यांत भरतो, पण १४० कोटींनी भागला की माणशी सव्वादोन-अडीच रुपये पडतात. राज्यांनी आपली भर घातली ती वेगळी. पण त्या निधीचं नाव ज्या मुलीमुळे पडलं तिच्यावर १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री जे झालं ते चालत्या बसमध्ये झालं. बस राजधानीच्या रस्त्यांवरून फिरत राहिली. आजूबाजूने गाड्या जात असतील, सिग्नलला कुणी शेजारी थांबलंही असेल. ती बस कुणी थांबवली नाही. रस्त्यावरच्या एका गाडीकडे बघून काहीतरी बरोबर नाही असं वाटणं आणि ते कुणाला तरी सांगणं, ह्याच कामासाठी तो पैसा आहे, असं मी स्वतःला समजावलं. समजावलं म्हणजे पटलं असं नाही. कडी लावून कुजबुजणारी ती बाई डोळ्यांपुढून जात नव्हती.

आणि ह्या बाजूचा हिशेब मांडायचा तर दुसऱ्या बाजूचाही मांडायला हवा. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. रोजची सरासरी काढली तर चारशे साठच्या वर, म्हणजे उजाडल्यापासून पुन्हा उजाडेपर्यंत एखादी वाडीच्या वाडी संपावी तशी. त्याच वर्षी १ एप्रिलपासून धडक देऊन पळून गेलेल्या गाडीखाली माणूस मेला तर वारसांना मिळणारी रक्कम २५ हजारांवरून दोन लाख झाली. मी अशी आकडेवारी वाचते तेव्हा माझ्यातली हिशेबनीस आणि माझ्यातली बाई वेगळ्या होतात. दोन लाख हा कागदावर लिहिता येणारा आकडा आहे. मातीत मोटारसायकल घालणाऱ्या त्या माणसाच्या बायकोचा उघडा पडलेला जबडा कुठल्या शीर्षात टाकायचा?

नवले पुलाचा तो उतार पुणेकरांना नव्याने सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने एकामागून एक ४८ गाड्या ठोकरल्या. उतारावर चालकाने इंजिन बंद केलं होतं असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं. डिझेल वाचवायला. बोगद्यापासून खाली रस्ता आपोआप नेतो, मग कशाला जाळायचं, असा हिशेब. एका खेपेला वाचून वाचून किती वाचणार? पण गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन तिला मागून कासऱ्यासारखं धरून ठेवतं. न्यूट्रल केली की कासरा सुटला. मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापतात, तापले की धरत नाहीत, आणि इंजिनच बंद असेल तर ब्रेकची हवाही भरली जात नाही. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमचे आबा सांगायचे, "ज्या गिअरात चढवली त्याच गिअरात उतरवायची. उतार फुकटचा नसतो." आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी एकतीस वर्षं दूध संघाचा टँकर चालवला. लायनरचा वास मला ओळखता येतो तो त्यांच्या शर्टामुळे.

संध्याकाळी आठला टँकर निघायचा आणि पहाटे चारच्या आत मुंबईत पोचायचा. उशीर झाला की तिथल्या वाटपाच्या गाड्या खोळंबायच्या आणि फार उशीर झाला तर दूध नासायचं, त्याचे पैसे कुणाच्या पगारातून जायचे ते सांगायला नको. खंबाटकी, कात्रज, बोरघाट, असे तीन घाट रोज रात्री. तेव्हा द्रुतगती मार्ग नव्हता. १९९३ च्या सुमारास संघाने सगळ्या टँकरांच्या मागे पिवळ्या रंगात एक ओळ रंगवून घेतली: गाडी बेफाम चालवताना आढळल्यास कळवा, आणि खाली कार्यालयाचा फोन नंबर. आबांना ते आवडलं नव्हतं. "पाठीवर चिठ्ठी चिकटवून हिंडायचं आता," असं म्हणाले होते. आम्हा पोरांना मात्र आबांच्या गाडीवर फोन नंबर आहे ह्याची ऐट वाटायची.

वर्षाच्या आत फोन आला. पनवेलच्या अलीकडच्या कुठल्याशा बूथवरून रात्री अडीचला कुणीतरी केलेला. रखवालदाराने तो वहीत टिपून ठेवला: अमुक नंबरचा टँकर रस्ताभर डुलतो आहे, लवकर काहीतरी करा. करणाऱ्याने नाव सांगितलं नाही. आबांना आठ दिवस बिनपगारी घरी बसवलं आणि नंतर मुंबईची खेप काढून घेऊन गावोगावचं दूध गोळा करायच्या छोट्या गाडीवर टाकलं. भत्ता गेला. घरात आवक किती होती आणि त्यातला भत्ता किती होता हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. माझी दुसऱ्या वर्षाची फी दोन महिने थांबली. आई ओसरीत बसून त्या फोन करणाऱ्याला शिव्याशाप द्यायची. "कोण मेला रात्री अडीचला उठून दुसऱ्याच्या पोटावर पाय देतो." आम्हीही द्यायचो. आबा काही बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, अपमान गिळतायत. माझ्या मनात त्या माणसाचं एक चित्र तयार झालं होतं, पांढरी गाडी, अंगठ्या, पान खाल्लेलं तोंड. तो बूथमध्ये उभा आहे, समोर मीटरवर लाल आकडे सरकतायत आणि तो मजेत बोलतोय. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव असायचा. आमचं आठ दिवसांचं अन्न त्याला काही रुपयांत पडलं, असं मी मैत्रिणीला म्हणाल्याचं आठवतं.

जानेवारीनंतर हे सगळं पुन्हा वर आलं, कारण आता बूथमध्ये मी उभी होते. निळ्या ताडपत्रीखाली कुणाचे आबा होते? त्याला थांबवलं असेल तर काय झालं असेल? बेदरकार गाडी चालवण्याला कायद्यात पहिल्या खेपेला सहा महिने ते वर्षभराची कैद किंवा हजार ते पाच हजार दंड आहे. दंडाचा कागद कदाचित मालकाकडे गेला असेल, पण पैसे कुणाच्या पगारातून गेले असतील, ते मला माहीत आहे. एका फोनवर एखाद्याला थांबवावं का, हा प्रश्न इतरांनाही पडला आहे. कॅलिफोर्नियात २००८ मध्ये एका व्यक्तीने तिथल्या ९११ वर नाव न सांगता कळवलं, एका पिकअप गाडीने मला रस्त्याबाहेर ढकललं. पोलिसांनी ती गाडी गाठली, सुमारे पाच मिनिटं मागे राहून पाहिलं. गाडी व्यवस्थित चालली होती. तरी थांबवली, आणि आत गांजा सापडला. खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की फोनवरून थांबवलं ते योग्यच. विरोधात गेलेल्या चौघांचं म्हणणं मी दोनदा वाचलं. पाच मिनिटं माणूस नीट चालवतोय हे डोळ्यांनी दिसत असताना न पाहिलेल्या माणसाच्या सांगण्यावर त्याला का अडवायचं? आईच्या बाजूने मला ते पटलं. पण डुलणारी गाडी नेहमीच डुलत नाही. माणूस दचकून जागा होतो, पुढची पाच मिनिटं अगदी सरळ चालवतो. खिडकीची काच खाली करतो, तोंडात तंबाखू टाकतो, स्वतःला चिमटे काढतो. मग सहावं मिनिट येतं.

मार्चमध्ये गावी गेले होते. आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, दुपारी पडवीतल्या बाजेवर पडलेले असतात. पाय चेपता चेपता मी त्यांना त्या रात्रीचं सगळं सांगितलं. ट्रेलर, ताडपत्री, मोटारसायकलवालं जोडपं, बोगदा, लायनरचा वास, दिव्याची गाडी. मुलगा काय म्हणाला तेही. आबांनी डोळे मिटलेलेच ठेवले. मला वाटलं झोपले. मग त्यांनी विचारलं, "ड्रायव्हर जागा हुता का?"

मला उत्तर देता आलं नाही. केंद्रातल्या मुलीने नंबर विचारला होता, रंग विचारला होता, दिशा आणि दगड विचारला होता. मी तिला बेफाम म्हणाले होते, प्यायलेला असेल असंही म्हणाले होते. माणूस झोपेत असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ट्रेलर झोपेत कूस बदलल्यासारखा सरकत होता, असं मी इतक्या वेळा मनात घोळवलं होतं आणि तरी आलं नव्हतं. आबा म्हणाले, "खोपोलीच्या खाली माझा डोळा लागला हुता. तिसरी रात हुती. बदलीचा ड्रायव्हर आला न्हवता. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारून मारून उठवलं, दिवं मारलं. पनवेलपर्यंत माझ्या मागंच राहिला. मागून फोन केला तो त्यानंच असणार." किती वेळ डोळा लागला होता? "ते मला कसं कळणार?" म्हणाले. मी म्हटलं, आईला कधी सांगितलं नाही? "कशाला? तिला कुणाला तरी शिव्या द्यायच्या हुत्या, ती मला देत बसली असती." आणि मग ते कुशीवर वळले. मी त्यांचे पाय धरून बसले होते, टाचांना भेगा पडलेल्या, घोट्यावर इंजिनाच्या भाजण्याचा जुना डाग. पांढरी गाडी, अंगठ्या, पान, सगळं पुसलं गेलं आणि त्या जागी कुणी दुसरा माणूस मला उभा करता येईना. आबांचे आठ दिवस गेले, भत्ता गेला, माझी फी अडली. तरी आबा पुढची तीसेक वर्षं घरी आहेत.

तेव्हापासून मला वाटतं, त्या खर्चाकडे आपण उलट्या टोकाने बघतो. फोनचं केंद्र, गाड्या, पडदे, रात्रपाळीच्या खुर्च्या, हे सगळं महाग वाटतं, कारण त्याची बिलं येतात. पण ह्या सगळ्या साखळीत सगळ्यात स्वस्त गोष्ट तीच आहे. महाग आहे ती झोप. १९६१ मध्येच कायदा झाला होता, मोटार वाहतूक कामगारांना दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम नको. आबांनी तो कायदा कधी ऐकला नव्हता. दुसरा चालक ठेवायला पैसे पडतात, खेप दोन तास उशिरा पोचवायला पैसे पडतात, गाडी सुरक्षित उभी करता येईल अशी जागा, पाणी, न्हाणी, ह्याला पैसे पडतात, आणि ते कुणाला तरी खिशातून काढावे लागतात. गाडीच्या पाठीवर पिवळी ओळ रंगवायला एक रंगारी पुरतो. संघाने आबांना आठ दिवस घरी बसवलं, पण बदलीचा ड्रायव्हर ठेवला नाही. मी हे मोठ्या रागाने लिहितेय, पण फोन नको असं म्हणण्यासाठी लिहीत नाही. फोन हवाच. मोटारसायकलवरचं ते लेकरू मी पाहिलं आहे. मी पुन्हा फोन करीन आणि कुणी निष्पन्न विचारलं तर निरंक सांगीन, खाली मान न घालता. फक्त ह्या वेळी त्या मुलीला असंही सांगीन की ड्रायव्हरला झोप आली असावी, त्याला जरा कडेला थांबू द्या.

आता मी दगड वाचते. मुलाला सवय झाली आहे, मीच बसल्या बसल्या आकडे पुटपुटत असते. गेल्या महिन्यात पुन्हा साताऱ्याहून येत होतो. शिरवळ सोडल्यावर रस्त्याच्या अगदी कडेला एक ट्रक उभा दिसला. थांबायची जागा नव्हती ती, चाकं पांढऱ्या पट्ट्यावर होती. मागे चमकपट्टी नाही. ड्रायव्हरने आपल्या परीने बाभळीच्या दोन फांद्या आणि चार दगड मांडून ठेवले होते. अंधार झाला की ते कुणाला दिसणार? मुलाने वेग कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं. फोन माझ्या हातात होता, दगडाचा आकडाही पाठ होता. तेवढ्यात ट्रकच्या पोटाखाली काहीतरी हललं. चेसीला धोतराची झोळी बांधलेली आणि तिच्यात एक माणूस. एक हात बाहेर लोंबत होता, बोटं अर्धी मिटलेली, जमिनीपासून वीतभर वर.

घड्याळात साडेपाच झाले होते. मुलगा म्हणाला, "करतेस का फोन?" मी आभाळाकडे पाहिलं. सूर्य अजून डोंगराच्या वर होता, दिवेलागणीला तासभर तरी होता. म्हटलं, साडेसहाला करते. तोवर त्याची झोप होईल थोडी. आणि घरी पोचेपर्यंत मी तो आकडा विसरू नये म्हणून मनात म्हणत राहिले.